नथीसाठी नाक

आरोही नाकाला कपड्यांचा चिमटा लावून बाराचा पाढा म्हणत होती.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर गल्लीतली पोरं अभ्यासाला बसतात. मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तेर गावात अजून सगळे मला बाईच म्हणतात. आरोही ही माझ्या धाकट्या भावाची, बलभीमची नात. दुसरीत आहे. त्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. जवळ जाऊन पाहिलं तर नाकावर निळा प्लॅस्टिकचा चिमटा.

"हे काय गं?"

"काय न्हाय."

"काढ बघू."

"थांबा ना बाई. जेवायच्या टायमापर्यंत ठेवायचाय."

"कशासाठी?"

"निकीआत्याचं नाक बसकं हाय म्हणून डॉक्टर कापणारेत. माझं बी तसलंच हाय. आतापासनं दाबलं तर उभं ऱ्हाईल. मग कापाय लागणार न्हाय."

मी चिमटा काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खड्डे पडले होते. पोरं हसायला लागली, मग माझ्याकडं बघून गप्प झाली. पोरांवर मी ओरडत नाही. एकच गोष्ट दहा वेळा सांगावी लागली तरी चालते. त्या दिवशीही ओरडले नाही. मी सगळ्यांना घरी पाठवलं, चिमटा मुठीत धरला आणि बलभीमच्या घरी गेले.

हे नाक आमच्या घरातलं आहे. माझ्या आईचं होतं, माझं आहे, बलभीमचं आहे, त्याच्या मुलीचं, निकिताचं आहे आणि आता आरोहीचं. वर बसकं, खाली पसरट. या नाकानं आम्ही श्वास घेतला, सर्दी काढली, फोडणी करपली तर ओळखली. त्यात काही कमी आहे हे आम्हाला नेहमी लोकांनीच येऊन सांगितलं.

निकिता धाराशिवला औषधांच्या दुकानात काम करते. फार्मसी शिकलेली आहे, रोज एसटीनं जाते-येते. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून ती निम्मी माझ्याकडंच वाढली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका घरात तिचं जमलं. मुलाचं नाव युवराज, घरचं खताबियाण्याचं दुकान, आई द्वारकाबाई. बघून गेले, पसंत केलं, साखरपुडा झाला, तिथीही धरली. तोवर नाकाचं कुणी काढलं नव्हतं.

काढलं ते साखरपुड्याचे फोटो आल्यावर. द्वारकाबाईंनी त्या दिवशी निकिताला त्यांच्या घराण्यातली नथ घातली होती. त्यांच्या सासूची, सासूच्याही सासूची. टपोऱ्या मोत्यांची, चांगली जड. समोरच्या फोटोत ठीक होतं, पण बाजूनं काढलेल्या फोटोत नथ ओठावर आडवी पडलेली दिसत होती. द्वारकाबाईंनी बलभीमला फोन करून सांगितलं, "पाव्हणं, पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाय. पण नथ उभी ऱ्हाईना तिच्या नाकावर. आता तर लई सोपं झालंय म्हणं. सोलापुरात करत्यात. आठ दिवसांत पट्टी निघती. खर्च आमच्याकडं."

हे सगळं मला त्या संध्याकाळी बलभीमच्या तोंडून कळलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या बहिणीला त्यानं पंधरा दिवस काही सांगितलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीच्या कानावर मात्र रोज पडत होतं.

"आक्का, तू चिडशील म्हणून बोललो न्हाय," तो म्हणाला.

"मग आता काय करायचं? हसायचं?"

"आगं खर्च ती करायलीत. दुसऱ्यानं मोडलं असतं. ह्यांनी मोडलं न्हाय, उपाय सांगितला."

मी मूठ उघडून चिमटा त्याच्या पुढ्यात ठेवला. "हा बघ तुझ्या नातीनं काढलेला उपाय. खर्च कुणाला नको."

त्यानं मान खाली घातली. निकिता दारात उभी होती. मी तिला विचारलं, "तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"मनापासून?"

"आत्या, कॉलेजात मला भजं म्हणायचे. दुकानात एकदा एक बाई म्हणली, पोरी, डोळं लई छान हायत तुझं, आन् पुढं थांबली. पुढं काय म्हणायचं होतं ते मला कळलं. कटकट संपत असली तर संपू दे."

राग होता, पण तो तिच्यावर काढून चालणार नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "जायचं तर जाऊ. पण मी येणार. डॉक्टर काय सांगतो ते सगळ्यांनी ऐकायचं. मग ठरवायचं."

पुढच्या आठवड्यात युवराज वाशीहून गाडी घेऊन आला. पुढं त्याच्या शेजारी द्वारकाबाई, मागं आम्ही तिघं. बाई बोलक्या, खायला घालणाऱ्या. येडशीच्या पुढं घेतलेले पेरू त्यांनी आमच्या हातात कोंबले. वाईट बाई नाही, असं मी मनाला दोनदा सांगितलं. तेवढ्यात त्या मागं वळून म्हणाल्या, "आवं विहीणबाई, पूर्वी चालायचं बसकं नाक. तवा कोण फोटो काढत होतं? आता नुसतं नाक बघत्यात." माझं नाक त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं. त्यांना ते दिसलं, कारण लगेच म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घिऊ नका."

"नाकाला लावून घेते," मी म्हणाले. निकिता खिडकीकडं तोंड करून हसली. युवराजनं गाण्याचा आवाज वाढवला.

सोलापूरजवळ आल्यावर द्वारकाबाईंनी सगळ्यांना बजावलं, "तिथं लग्नाचं काढू नका बरं का. लग्न म्हटलं की मांडववाला वाढवून सांगतो, बँडवाला वाढवून सांगतो. डॉक्टर बी तसलाच."

डॉक्टर तरुण होता आणि भरभर बोलत होता. त्यानं निकिताचे समोरून, बाजूनं, खालून फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर लावले. मग माउस धरून तिचं नाक वर ओढलं. पोरं ओल्या मातीचं नाक चिमटीत धरून ओढतात ना, तसं. बघता बघता पडद्यावर दुसरीच मुलगी आली. डोळे निकिताचे, नाक कुणाचं तरी.

"हे अंदाजासाठी," डॉक्टर म्हणाला. "हुबेहूब असंच येईल असं नाही."

युवराजनं मोबाइल काढला आणि पडद्याचा फोटो घेतला.

मग डॉक्टरनं पुढचं सांगितलं. वाईट सांगितलं नाही, खोटंही सांगितलं नाही, पण सवयीनं सांगितलं, कंडक्टर थांब्यांची नावं घेतो तसं. मी प्रत्येक वाक्य ऐकत होते. द्वारकाबाईंना वाशीहून फोन आला म्हणून त्या कोपऱ्यात जाऊन मांडवाबद्दल बोलत होत्या. युवराज फोटो मोठा करून बघत होता. बलभीम भिंतीवरच्या गुळगुळीत बायकांच्या चित्रांकडं बघत होता. आणि डॉक्टर बोलत होता तो या तिघांकडं आळीपाळीनं बघून. जिचं नाक होतं तिला त्यानं एकदाही विचारलं नाही की बाई, हे तुला पाहिजे आहे का.

बाहेर पडल्यावर द्वारकाबाई खुशीत म्हणाल्या, "चला, झालं. येत्या सोमवारचं घिऊन टाकू. म्हंजे तिथीपर्यंत एकदम साफ."

मी म्हणाले, "आधी चहा घेऊ."

समोरच्या हॉटेलात बसलो. शाळेत मी एक करायचे. धडा झाला की पुस्तकं मिटायला लावायची आणि विचारायचं, आता तुझ्या शब्दांत सांग. 'कळलं का' असं विचारलं तर सगळा वर्ग हो म्हणतो. सांगायला लावलं की कोण कुठं बसलं होतं ते समजतं.

"बलभीम," मी म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाला ते सांग."

"आता काय परीक्षा घेतीस का आक्का?"

"घेते. सांग."

त्यानं बशीत चहा ओतला. "काय न्हाय, भूल देत्यात. झोपेतच व्हतं. दुखत न्हाय."

"युवराज, तुम्ही?"

"आठवड्यात पट्टी निघते, आत्या. दहा दिवसांत माणूस कामाला जातं. एकदम सिंपल आहे."

"विहीणबाई?"

"मला काय इचारता? फोटोत दावलं की त्यानं. तसं नाक येतं."

"निकिता."

निकितानं कप खाली ठेवला. सुरुवातीला ती टेबलाकडं बघून बोलत होती.

"पूर्ण भूल देतात. दोन-तीन तास लागतात. माझं नाक बसकं आहे, म्हणजे वर भर घालावा लागणार. त्यासाठी नाकाच्या पडद्याची, नाहीतर कानाची, नाहीतर बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढतात. म्हणजे आणखी एक जखम. हाड रुंद आहे, ते दोन्ही बाजूंनी तोडून आत घेतात."

"तोडून?" बलभीमची बशी तोंडाजवळच थांबली.

"तोडून, बाबा. मग वर कडक पट्टी, आठवडाभर. तोंडानं श्वास घ्यायचा. उशीवर उंच डोकं ठेवून झोपायचं. डोळ्यांखाली काळं-निळं होतं, ते पंधरा दिवस तरी राहतं. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. शेंडा बधिर होतो. सूज दोन-तीन महिन्यांत बरीच उतरते, पण पूर्ण उतरायला वर्ष लागतं, कधी जास्त. तोवर नाक खरं कसं झालंय ते कळत नाही. कुणाकुणाला श्वासाचा त्रास राहतो. कुणाला पुन्हा करावं लागतं." आता तिनं मान वर केली आणि थेट द्वारकाबाईंकडं पाहिलं. "आणि नाकावर वजन नको, दाब नको, दागिना नको. सहा महिने तरी. हे त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही मांडववाल्याशी बोलत होता, मामी."

हॉटेलवाला टेबल पुसायला आला आणि आमची तोंडं बघून परत गेला.

"दागिना म्हंजे?" द्वारकाबाईंनी विचारलं. "नथ?"

"नथ."

"चापाची बी न्हाय?"

"चाप दाबतो ना."

जी नथ उभी राहावी म्हणून हे लोक नाक फोडायला निघाले होते, ती नथ त्या नाकाला लग्नात लागणारच नव्हती. आधी तिथी धरायची आणि मग माणसाची हाडंसुद्धा तिथीत बसवायची, ही आमच्याकडची पद्धतच आहे. मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं तो निळा चिमटा होता.

द्वारकाबाईंचा विश्वास बसेना. म्हणून पुन्हा डॉक्टरकडं गेलो. या वेळी त्यांना लग्नाचं सांगावंच लागलं.

"लग्न? कधी आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात. अखेरीला."

"आणि हे मला आत्ता सांगताय?" तो चिडला. "अक्षता पडणार, गर्दीत कुणाचं कोपर लागणार, हळद, धूर, दिवसभर उभं राहणं. तुम्हाला कुणी सांगितलं असं करायला? लग्न उरकून या."

एवढं बोलून त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परतीला निघालो. मला वाटलं संपलं. बलभीमलाही वाटलं असावं, त्यानं खिशातला पेरू काढून पुसला. तुळजापूरच्या घाटात गाडी चढायला लागली तेव्हा द्वारकाबाईंनी देवीच्या दिशेनं हात जोडले आणि ते हात खाली घेता घेता म्हणाल्या, "एका परीनं बरंच झालं. लग्नात हाय तसं असू दे. फोटोवाल्याला सांगू, समोरनंच काढ, बाजूनं एक बी काढू नको. आन् दिवाळी झाली की ऑपरेशन. तवर सूनच असंल, घरचंच काम. निवांत व्हईल."

माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. बोलायची पाळी माझी नव्हती.

निकिता थोडी पुढं सरकली. "तुम्हाला काय वाटतं?" तिनं युवराजला विचारलं.

"कशाचं?"

"माझ्या नाकाचं. तुम्ही मला बघायला आला तेव्हा हेच होतं. तुम्ही हो म्हणालात."

"मी अजून बी होच म्हणतोय की." तो आरशातून तिच्याकडं बघत होता. "पण आईचं चूक न्हाय गं. म्हातारपणापर्यंत फोटो ऱ्हातात. हे बघ तरी." पुढं वळण असताना त्यानं एका हातानं मोबाइल मागं दिला. "किती भारी दिसतीस ह्यात."

निकितानं मोबाइल घेतला. डॉक्टरच्या पडद्यावरची ती मुलगी. युवराजनं तो फोटो वॉलपेपर करून ठेवला होता. साखरपुडा होऊन महिना झाला होता, पण तिथं निकिताचा फोटो कधी आला नव्हता. हा दोन तासांत आला.

तिनं तो नीट बघितला. मग मोबाइल पुढच्या सीटवर, द्वारकाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"छान आहे मुलगी," ती म्हणाली. "हिच्याशीच करा."

युवराज हसला. त्याला चेष्टा वाटली. द्वारकाबाईंना वाटली नाही. "असं बोलत्यात व्हय गं? देवीच्या दारात?" त्या म्हणाल्या.

"देवीच्या दारात आहे म्हणूनच खरं बोलते, मामी. धाराशिवच्या स्टँडवर गाडी थांबवा. मी एसटीनं जाईन."

स्टँडवर ती उतरली, मी उतरले. बलभीम गाडीतच बसून राहिला, मांडीवर पेरू घेऊन. सख्खा बाप. मी दार आपटलं. उभ्या जन्मात मी कुणाच्या गाडीचं दार आपटलं नव्हतं.

तेरच्या गाडीत गर्दी होती. निकिताला खिडकी मिळाली. ढोकी मागं पडेपर्यंत ती रडली, मग नाक शिंकरलं आणि म्हणाली, "आत्या, हे तरी बरं. शिंकरता येतंय."

साखरपुड्याची साडी आणि नारळ निकितानं स्वतः वाशीला पोचते केले. नथ तर त्यांनी साखरपुड्याच्याच दिवशी काढून नेली होती. पुढं काय झालं ते कुणीही सांगेल. ज्यांनी कधी आमच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं त्या बायका साखर मागायला यायला लागल्या. बलभीम माझ्याशी बोलेना. एक दिवस आला आणि उंबऱ्यावरूनच म्हणाला, "आक्का, तुझ्या शाळेनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

"बस."

"बसाय न्हाय आलो."

"मग उभ्यानं ऐक. आपल्या आईला कुणी म्हटलं असतं, बाई, तुझं तोंड फोडून नीट करू, खर्च आमच्याकडं, तर तू काय केलं असतंस?"

"आईचं कशाला काढतीस?"

"तिचंच नाक आहे ते. तू कुणाचं फोडायला निघाला होतास?"

तो वळला. जाताना अंगणात थांबला. त्याचा हात नाकाकडं गेला आणि तसाच खाली आला.

निकिता मात्र मला वाटली तितकी माझ्या बाजूची नव्हती. एकदा भाकरी थापताना म्हणाली, "आत्या, तुम्ही जिंकलात असं समजू नका. मी कधीतरी करीनही ऑपरेशन. मला सगळं माहिती आहे आता. पण कुणी मला गाडीत घालून नेणार नाही. मी माझी जाईन."

मला राग आला. नाही म्हणत नाही. आईचं नाक, माझं नाक, एवढं सगळं झाल्यावर ही असं बोलते. पण तिचं नाक माझंही नव्हतं. भाकरी फुगली, तिनं ती परडीत टाकली आणि आम्ही जेवलो.

परवा ओसरीवर म्हणींचा अभ्यास होता. प्रत्येकानं घरून एक म्हण ऐकून यायची आणि सगळ्यांपुढं सांगायची. आरोही पुढच्या रांगेत होती. नाकावरचे लाल खड्डे केव्हाच गेले होते, पण अधूनमधून हात तिथं जाई. चौथीतला इंद्रजित उठला आणि खड्या आवाजात म्हणाला, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं."

दोघं-तिघं फिस्सकन हसले आणि आरोहीकडं बघायला लागले. तिनं दोन्ही हातांनी नाक झाकलं.

"कुणी सांगितली?" मी विचारलं.

"आईनं. काल बायका बोलत हुत्या तवा म्हणली. मग मी म्हणलं हीच सांगतो."

"छान. पाठ आहे तुझी. आता अर्थ सांग. तुझ्या शब्दांत."

"म्हंजे नकटीच्या..."

"नकटी म्हणजे कोण?"

त्यानं आरोहीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांकडं नाही, त्याखाली नाकाकडं. त्याचे कान लाल झाले.

"सांग ना," मी म्हणाले. "आणि विघ्नं कोण आणतं तेही सांग. ती आणते, का दुसरं कुणी?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभा राहिला. पोरांचं हसणं थांबलं होतं. आरोहीनं एक हात नाकावरून काढला.

"बाई, मी बसू?"

"नाही. विचार कर."

दिवा लावायची वेळ झाली होती. मी उठले नाही. मांडीवर हात ठेवून त्याच्या उत्तराची वाट बघत बसले.